न केलेल्या शस्त्रक्रियांची वही



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या आमच्या सरांकडे एक वही होती. लांबट, लाल कापडी बांधणीची. किराणा दुकानात उधारी लिहायला वापरतात तशी. शस्त्रक्रियांची रजिस्टरं तर प्रत्येक डोळ्यांच्या दवाखान्यात असतात. ही वही निराळी होती. सरांनी ज्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया करायचं नाकारलं, त्या डोळ्यांच्या नोंदी तिच्यात होत्या. तारीख, वय, चष्म्याचा नंबर, कारण, आणि शेवटी दोनच शब्द : ‘करू नये’. त्याखाली सही.

शिकाऊ असताना मी त्यांना विचारलं होतं, ‘सर, जे केलंच नाही त्याची नोंद कशाला?’ सर म्हणाले, ‘केलेल्याची आठवण पेशंट ठेवतो. न केलेल्याची आपणच ठेवायला हवी.’

आज मला लेसरने चष्म्याचा नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल आणि तिच्यानंतर बुबुळावर जे काही बिघडू शकतं त्याबद्दल बोलायचं आहे. सुरुवातीलाच सांगतो, मी स्वतः ही शस्त्रक्रिया करतो आणि ती चांगली आहे असंच मानतो. योग्य डोळ्यावर केली तर माणसाचं आयुष्य सोपं होतं, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. म्हणूनच तिच्या चुकांबद्दल आम्ही, ती करणाऱ्यांनीच, मोकळेपणाने बोललं पाहिजे.

चार गोष्टी मांडणार आहे. बुबुळावरची ही काच आहे तरी काय? तिला हात लावायला माणूस शिकला कसा? हात लावल्यावर काय बिघडतं, आणि केव्हा? आणि शेवटी, तुम्ही-आम्ही काय करायचं?

एक : अर्ध्या मिलिमीटरची काच

डोळ्याच्या पुढच्या बाजूला एक पारदर्शक पडदा असतो. पुस्तकांत त्याला पारपटल किंवा स्वच्छमंडल म्हणतात, दवाखान्यात आम्ही कॉर्निया म्हणतो, आणि गावाकडची आजी ‘बुबुळावरची काच’ म्हणते. मला आजीचा शब्द सगळ्यांत आवडतो. घड्याळावर जशी काच, तशी बुबुळावर ही.

तिची जाडी मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर असते. आम्ही ती मायक्रॉनमध्ये मोजतो. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. बहुतेकांची काच ५२० ते ५५० मायक्रॉनच्या आसपास भरते. डोळ्यात शिरणारा प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नेमका एकवटण्याचं दोन तृतीयांश काम ही एवढीशी काच करते. उरलेलं काम आतलं भिंग करतं.

या काचेत रक्तवाहिनी नाही. रक्त आलं तर ती लाल होईल आणि आपल्याला दिसणार नाही. मग ती श्वास कसा घेते? अश्रूंच्या पातळ थरातून, थेट हवेतून. तिच्यात चेतातंतू मात्र इतके दाट आहेत की शरीरातल्या अतिशय संवेदनशील भागांमध्ये तिची गणना होते. धुळीचा एक कण गेला की माणूस हातातलं सगळं सोडून डोळा धरतो, तो याच तंतूंमुळे.

तिच्या पोटात कोलॅजनच्या धाग्यांचे दोनशेहून अधिक थर एकावर एक रचलेले असतात. पुढच्या भागातले थर एकमेकांत गुंतलेले, विणल्यासारखे, म्हणून जास्त बळकट. मागचे थर सुटसुटीत, म्हणून थोडे दुबळे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. या काचेची वरची साल खरचटली तर चार-पाच दिवसांत पुन्हा येते. पण पोटातले थर एकदा गेले की पुन्हा येत नाहीत. लेसरला काढता येतं. लेसरला घालता येत नाही. आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्या : लेसरला काढता येतं, घालता येत नाही.

दोन : इशारे नेहमी उशिरा आले

काचेचा आकार बदलला तर चष्म्याचा नंबर बदलतो, हे माणसाला फार आधी उमगलं होतं. उणे नंबर असेल तर काच मध्यभागी जरा चपटी करायची. प्रश्न एवढाच होता की चपटी करायची कशी?

जपानमध्ये त्सुतोमू सातो यांनी १९३०-४०च्या दशकांत काचेला आतून-बाहेरून चिरा दिल्या. नंबर कमी झाले. पण काचेच्या सगळ्यांत आतल्या बाजूला पेशींचा एक थर असतो. काचेतलं पाणी सतत उपसून तिला स्वच्छ ठेवायचं काम तो करतो, आणि या पेशी पुन्हा वाढत नाहीत. त्याचं महत्त्व तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. वीस-वीस वर्षांनी त्या डोळ्यांतल्या काचा पाण्याने फुगल्या, धुरकट झाल्या, त्यांच्यावर फोड आले. तरुण वयात चष्मा घालवायला गेलेली माणसं प्रौढपणी दृष्टी घालवून बसली. शस्त्रक्रिया फसली हे कळायला वीस वर्षं लागली!

मग १९७०च्या दशकात मॉस्कोमध्ये स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांनी फक्त बाहेरच्या बाजूने, सायकलच्या आऱ्यांसारख्या चिरा द्यायची पद्धत रूढ केली. ती जगभर पसरली. अमेरिकेत तिचा दहा वर्षं पाठपुरावा झाला, आणि असं दिसलं की ४३ टक्के डोळ्यांमध्ये नंबर हळूहळू उलट्या दिशेने, अधिककडे, एक किंवा त्याहून जास्त सरकला होता. चिरा दिलेली काच पुरती स्थिर झालीच नव्हती.

मे १९९६मध्ये एव्हरेस्टवर जे भीषण वादळ झालं, त्यात अमेरिकन डॉक्टर बेक वेदर्स होते. त्यांच्या डोळ्यांवर ही चिरांची शस्त्रक्रिया झालेली होती. शिखराच्या वाटेवर, विरळ हवेत, त्यांची दृष्टी गेली आणि पुढे चढणं अशक्य झालं. काच हवेतून श्वास घेते, हे मी मघाशी म्हणालो ना? प्राणवायू कमी पडला की चिरा दिलेली काच कडेला फुगते, मध्ये चपटी होते आणि नंबर पार बदलतो. मैदानात वर्षानुवर्षं गप्प असलेली इजा आठ हजार मीटरवर बोलली.

लेसरचा जन्म मात्र डोळ्याच्या दवाखान्यात झाला नाही. अमेरिकेत आयबीएमच्या संशोधन केंद्रात रंगास्वामी श्रीनिवासन, जेम्स वाइन आणि सॅम्युएल ब्लम हे तिघे एक्सायमर लेसरवर काम करत होते. श्रीनिवासन मूळचे मद्रासचे, शिक्षण मद्रास विद्यापीठात. १९८१च्या नोव्हेंबरमध्ये तिकडच्या एका सणाच्या दुसऱ्या दिवशी ते घरच्या मेजवानीतले टर्की पक्ष्याचे उरलेले तुकडे प्रयोगशाळेत घेऊन आले आणि त्यांच्यावर लेसर सोडला. चीर इतकी स्वच्छ पडली की आजूबाजूला भाजल्याची खूणही नव्हती. हा किरण जाळत नाही. त्याच्या १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. एका स्पंदात काचेचा साधारण पाव मायक्रॉन थर उडतो. १९८३मध्ये न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकल यांनी श्रीनिवासन यांच्यासोबत तो बुबुळाच्या काचेवर वापरून दाखवला. १९८८मध्ये डॉ. मार्गरेट मॅकडोनल्ड यांनी दिसणाऱ्या डोळ्यावर पहिल्यांदा ही शस्त्रक्रिया केली. आधी वरची साल खरवडून लेसर द्यायचे. त्याला पीआरके म्हणतात. १९९०च्या सुमारास क्रीटमध्ये डॉ. इओआनिस पालिकारिस यांनी काचेचा पातळ पापुद्रा उचलून त्याखाली लेसर देण्याची पद्धत आणली. तीच आपली लासिक. दुखणं कमी, आणि दुसऱ्याच दिवशी दिसायला लागतं. जगाला ती आवडली यात नवल नाही.

पण इशारा याही वेळी उशिरा आला. १९९८मध्ये डॉ. थिओ सायलर यांनी पहिल्यांदा लिहिलं की लासिकनंतर काही डोळ्यांत काच पुढे फुगून शंकूसारखी होते आहे. हे सायलर कोण? जर्मनीत माणसाच्या डोळ्यावर हा लेसर वापरणाऱ्या पहिल्या काही डॉक्टरांपैकी एक! ज्याने वाट काढली, त्यानेच वाटेवरचा खड्डा जगाला दाखवला. आणि पुढे ड्रेस्डेनमध्ये त्या खड्ड्यावरचा उपाय शोधणाऱ्यांतही तेच होते. वैद्यकात मोठेपणा म्हणतात तो हा. सरांची वही आणि सायलर यांचा तो लेख, दोन्हींमागची वृत्ती मला एकच वाटते.

तीन : काय बिघडतं, आणि केव्हा

आता मुख्य भागाकडे येतो. गुंतागुंतींची लांबलचक यादी वाचून तुम्हाला घाबरवायचं नाही. मी त्या काळाच्या हिशेबाने सांगतो : दिवसांत दिसणाऱ्या, महिन्यांत दिसणाऱ्या आणि वर्षांनी दिसणाऱ्या.

पहिल्या काही दिवसांत काय होऊ शकतं? लासिकमधला पापुद्रा सरकू शकतो, त्याला सुरकुती पडू शकते. पापुद्र्याखाली पांढऱ्या पेशी जमून सूज येऊ शकते. यंत्राखाली ती वाळूच्या लाटांसारखी दिसते, म्हणून डॉक्टरांनी तिला ‘सहारातली वाळू’ असं नाव दिलं. वेळेवर स्टेरॉइडचे थेंब मिळाले, गरज पडली तेव्हा पापुद्रा उचलून धुतला, तर ती बरी होते; दुर्लक्ष केलं तर काच वितळून चपटी होते. जंतुसंसर्ग विरळा, पण झाला तर वाईट. लासिकनंतरच्या संसर्गात क्षयाच्या जंतूचे भाऊबंद म्हणता येतील असे हट्टी जंतू जगभर सापडले आहेत, आणि त्यांच्या साथींचं मूळ अनेकदा नीट निर्जंतुक न केलेल्या उपकरणांत आणि पाण्यात निघालं आहे. म्हणून ‘मशीन कुठलं आहे?’ एवढंच विचारू नका. ‘उपकरणं निर्जंतुक कशी करता?’ हेही विचारा.

पापुद्र्याबद्दल आणखी एक गोष्ट. तो फक्त कडेला जुळतो. मधला भाग पूर्वीसारखा कधीच एकजीव होत नाही. शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी डोळ्यावर बोट, चेंडू किंवा फांदी लागून पापुद्रा सरकल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. कबड्डी, कुस्ती, मुष्टियुद्ध खेळणाऱ्यांना म्हणूनच आम्ही लासिक देत नाही. पापुद्रा नसलेली पद्धत सुचवतो.

पण पापुद्रा नसलेल्या पद्धतीलाही आपली किंमत आहे. पीआरकेमध्ये तीन-चार दिवस डोळा खूप दुखतो. मोठा नंबर काढला तर काही महिन्यांत काचेवर धुरकटपणा येऊ शकतो. आपल्याकडे ‘डोळ्यात फूल पडलं’ म्हणतात, त्याचीच ही फिकट सावली. मायटोमायसिन नावाच्या औषधामुळे हे आता बरंच कमी झालं आहे, तरी काही महिने उन्हात गॉगल लावल्याशिवाय फिरू नये. स्माइल या नव्या पद्धतीत पापुद्रा न उचलता दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून आतला पातळ तुकडा बाहेर काढतात. ती चांगली आहे. पण तिच्यातही काच पातळ होतेच, आणि तिच्यानंतरही काच फुगल्याची उदाहरणं आहेत. कोणती पद्धत निर्धोक, असं मला लोक विचारतात. मी म्हणतो, पद्धत नंतर बघू. आधी डोळा बघू.

महिन्यांचा हिशेब घेऊ. सगळ्यांत जास्त आढळणारा त्रास म्हणजे कोरडेपणा. काचेतले दाट चेतातंतू आठवताय ना? पापुद्रा कापला की ते कापले जातात. काचेची जाणीव काही महिने मंदावते, पापण्या कमी मिटतात, अश्रू कमी येतात. बहुतेकांचं सहा महिने-वर्षभरात सुधारतं. सगळ्यांचं नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केलेल्या आणि २०१७ साली छापलेल्या अभ्यासात, आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांना तीन महिन्यांनी तो जाणवला. आणि दिव्याभोवती वलयं, रात्री चकाकी, प्रतिमेला सावली यांपैकी आधी काहीच नसलेल्या चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांना तीन महिन्यांनी किमान एक तरी नवी तक्रार होती. त्याच अभ्यासात ९५ टक्क्यांहून जास्त माणसं आपल्या दृष्टीबद्दल समाधानी होती, आणि या तक्रारींमुळे रोजच्या कामांत फार अडचण येणारी एक टक्क्याहूनही कमी. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. एकच बाजू सांगणारी जाहिरात खोटी असते आणि एकच बाजू सांगून घाबरवणारा शेजारीही खोटा असतो.

पण एका वेगळ्या त्रासाबद्दल मला थोडं थांबून बोलायचं आहे. काही थोड्या माणसांत कापलेले चेतातंतू चुकीचे जुळतात. डोळा तपासला तर काच स्वच्छ, दृष्टी ६/६, अश्रूंची चाचणी बरी. आणि माणूस सांगतो, ‘डॉक्टर, डोळ्यात मिरची टाकल्यासारखं होतंय. दिवसरात्र.’ हा चेतातंतूंचा आजार आहे, बुबुळाची मज्जावेदना. आणि तो दिसत नाही. खरं सांगतो, अशा एका स्त्रीला मी एकदा म्हटलं होतं, ‘सगळं नॉर्मल आहे, मनावर घेऊ नका.’ ती पुन्हा माझ्याकडे आली नाही. त्या वाक्याची लाज मला आजही वाटते. ६/६ म्हणजे तक्त्यावरची अक्षरं वाचता येणं. ६/६ म्हणजे बरं असणं नव्हे. २००८च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत लासिकवर जाहीर सुनावणी झाली, तेव्हा वेदनेत जगणारे रुग्ण बोलले, आणि ज्यांनी आपलं माणूस गमावलं असे नातेवाईकही बोलले. त्यांचं म्हणणं काय होतं? अनेकांचं हेच : आम्हाला आधी सांगितलं असतं तर!

आता वर्षांचा हिशेब. सगळ्यांत अवघड गुंतागुंत म्हणजे काच फुगणं, एक्टेझिया. काच इतकी पातळ आणि दुबळी होते की डोळ्यातल्या दाबाने हळूहळू पुढे येते. नंबर पुन्हा वाढतो, पण हा नंबर चष्म्याने सुटत नाही, कारण काच वेडीवाकडी झालेली असते. जगभरच्या नोंदींत तिचं प्रमाण साधारण ०.०४ ते ०.६ टक्के असं येतं. कमी आहे. पण ज्याला होते त्याच्यासाठी ते शंभर टक्के असतं.

ती का होते? आपण इथेच हिशेब करू. सहा मिलिमीटरच्या गोलात एक नंबर काढायला साधारण १२ मायक्रॉन लागतात. एकाची काच ५४० मायक्रॉन, नंबर उणे ६. पापुद्रा ११०, लेसर ७२. उरले ३५८. ठीक. दुसऱ्याची काच ४८०, नंबर उणे ९. पापुद्रा १२०, लेसर १०८. उरले २५२. पापुद्र्याखाली निदान २५० मायक्रॉन उरावेत असा जुना नियम. आज बहुतेक जण २८० ते ३०० धरतात. कागदावर दुसराही जुन्या नियमात बसतो. पण पापुद्रा पुरता जुळत नाही, आणि बळकट विणलेले थर पुढच्या भागात होते. म्हणजे जे कापलं तेच सगळ्यांत मजबूत होतं! या माणसाला नाही म्हणायला हवं.

आणि जाडी पुरेशी असूनही काच मुळातच दुबळी असू शकते. शंकूसारख्या काचेचा आजार, केराटोकोनस, काहींमध्ये सुप्त असतो. चष्मा लागतो, बाकी काही कळत नाही. आपल्या नागपूरजवळच्या ग्रामीण भागात ३० वर्षांवरच्या लोकांचा मोठा नेत्र-अभ्यास झाला. काचेचा बाक ४८ डायॉप्टर किंवा त्याहून जास्त, या व्याख्येने तिथे २.३ टक्के लोकांत केराटोकोनस धरला गेला. व्याख्येबद्दल मतभेद आहेत. पण अमेरिकेतला जुना आकडा लाखामागे ५५च्या आसपास होता, हे लक्षात घेतलं तर एक गोष्ट निश्चित : हा आजार आपल्याकडे दुर्मीळ समजून चालणार नाही. त्यात आपल्या मुलांना अॅलर्जीमुळे डोळे चोळायची सवय. चोळून चोळून काच आणखी दुबळी होते. अशा काचेवर लेसर म्हणजे भेगाळलेल्या भिंतीत खिडकी पाडणं.

एका दुपारी गावाकडून एक बाप आणि मुलगा आले. मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. तीन वर्षांपूर्वी कुठेतरी लेसर झालं होतं. पहिलं वर्ष उत्तम गेलं, मग एका डोळ्याने चंद्र तीन-तीन दिसायला लागले. फाइल आणली होती. तिच्यात जाडीचा कागद होता, पैशांची पावती होती. काचेचा नकाशा नव्हता. तो काढलाच नव्हता, की हरवला, मला कळलं नाही. मी नकाशा काढला. काच खालच्या बाजूला फुगली होती. बाप बराच वेळ स्क्रीनकडे बघत होता. मग म्हणाला, ‘साहेब, एक करा. आम्हाला आमचा चष्मा परत द्या. तो चष्मा लावेल.’

मित्रहो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला हवा होता तो चष्मा बाजारात कुठेच नव्हता.

आम्ही त्या मुलाला क्रॉस-लिंकिंग केलं. रिबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब टाकून त्यावर अतिनील किरण सोडायचे. धाग्यांमध्ये नवे बंध तयार होतात आणि काच घट्ट होते. हेच ते सायलर आणि त्यांच्या ड्रेस्डेनच्या सहकाऱ्यांचं काम. २००३मध्ये ते रुग्णांवरच्या अनुभवासह प्रसिद्ध झालं. क्रॉस-लिंकिंग काचेला थांबवतं, पूर्ववत करत नाही. पुढे त्याला स्क्लेरल लेन्स दिली. ती काचेला टेकत नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते आणि मधली पोकळी निर्जंतुक सलाइनने भरून वेडीवाकडी काच झाकते. आता त्याला चांगलं दिसतं. पण रोज सकाळी लेन्स घालायची, रात्री काढायची, खर्च सोसायचा. ज्या चष्म्यापासून सुटका हवी होती, तो यापेक्षा कितीतरी सोपा होता.

चार : आपण काय करायचं

आता शेवटचा भाग. तो तुमच्यासाठी आहे आणि माझ्यासाठीही.

वय निदान १८, शक्यतो २१, आणि वर्षभर नंबर स्थिर. गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना नको. लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी मऊ लेन्स एक-दोन आठवडे, कडक लेन्स त्याहून जास्त दिवस बंद. लेन्सने काचेचा आकार तात्पुरता बदललेला असतो. मुरुमांच्या गोळ्या, संधिवात, मधुमेह, डोळे चोळायची सवय, घरात कुणाला केराटोकोनस : यातलं काहीही लपवू नका. लग्न जमत नाही म्हणून आठवडाभरात लेसर उरकायचं आहे, अशी घाई कोणी करत असेल तर त्या घाईला आवर घाला. बायोडाटातल्या ‘चष्मा नाही’ या दोन शब्दांसाठी मुलीच्या डोळ्यातली काच कापायची नसते. तिला स्वतःला हवं असेल, तिची काच साथ देत असेल, तर जरूर करा.

डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. माझ्या काचेचा पुढचा आणि मागचा, दोन्ही नकाशे पाहिले का? लेसरनंतर पापुद्र्याखाली किती मायक्रॉन उरतील? माझ्या डोळ्याला कोरडेपणा आधीपासून आहे का? आणि चौथा : कुठल्या परिस्थितीत तुम्ही मला नाही म्हणाल? या चौथ्या प्रश्नाचं उत्तर ज्या डॉक्टरकडे तयार नसेल, त्याच्याकडे शस्त्रक्रिया करू नका.

शस्त्रक्रिया झालीच, तर फाइल घरातल्या दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवा. का? पातळ काचेमुळे डोळ्याचा दाब आहे त्यापेक्षा कमी मोजला जातो, आणि काचबिंदू नजरेआड राहू शकतो. साठीत मोतीबिंदू झाला की आत घालायच्या लेन्सची शक्ती ठरवताना जुने आकडे हवेत. नाही तर हिशेब चुकतो. म्हणून कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलात की पहिलं वाक्य : ‘माझं लेसर झालंय.’ आणि नेत्रदानाचा अर्ज भरला असेल तर घरच्यांनाही ते सांगून ठेवा. लेसर झालेली काच पूर्ण प्रत्यारोपणासाठी वापरत नाहीत. पण तिचा आतला पेशींचा थर दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडू शकतो. सांगितलं नाही तर नेत्रपेढीला कळणार कसं?

सरांनी नेत्रदान केलं होतं, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या काचा सांभाळलेल्या माणसाने शेवटी आपल्या काचाही देऊन टाकल्या.

ते गेल्यावर त्यांच्या कुटुंबीयांनी ती लाल वही माझ्याकडे दिली. मी ती एका रात्रीत वाचली. एक नोंद मला तोंडपाठ झाली आहे : ‘वय १९. उणे ५. जाडी पुरेशी. नकाशा खाली झुकलेला, डोळे चोळते. करू नये. रडली. आई रागावून गेली. वर्षाने पुन्हा बोलवावे.’ त्याखाली वर्षाने, दुसऱ्या शाईत : ‘आली. खाली आणखी झुकला. आईला नकाशा दाखवला. क्रॉस-लिंकिंगसाठी पाठवले.’

विचार करा. त्या दिवशी सर आईच्या रागाला घाबरून हो म्हणाले असते, तर? त्या मुलीच्या बापालाही एक दिवस माझ्यासारख्या कुणापुढे बसून चष्मा परत मागावा लागला असता. तो मागावा लागला नाही. का लागला नाही, हे त्या बापाला कधी कळणारही नाही. जे बिघडलंच नाही, त्याचे आभार कोणी मानत नाही. सरांनी ते कधी मागितलेही नाहीत. त्यांनी फक्त लिहून ठेवलं.

त्या रात्रीनंतर मी तशीच वही घेतली. तिच्यात पहिली नोंद मात्र मी ‘करू नये’ची केली नाही. पहिल्या पानावर त्या पोलीस भरतीच्या मुलाचे आकडे लिहिले : वय, नंबर, जाडी, झुकलेला नकाशा. शेवटच्या रकान्यात लिहिलं : ‘कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं.’ रोज सकाळी ओपीडी सुरू करताना मी ते पान उघडतो, आणि मग समोरच्या डोळ्याकडे बघतो.